रविवारचे पाय

बायकोने माझी नखं कधी कापली नाहीत. लग्नाला तीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात तिने मला तापात काढे पाजले, शर्टांची बटणं लावली, दुकानात वेळेवर डबा पाठवला आणि भांडणात माझ्याच सात पिढ्यांची मला नव्याने ओळख करून दिली. पण नखं नाही. तशी माझी अपेक्षाही नव्हती. ज्याची नखं त्याने कापावीत, असंच मी समजत आलो. मग आमच्या घरी एक गिनीपिग आला आणि दर रविवारी दुपारची जेवणं आटोपली की ही बाई मांडीवर टॉवेल पसरून त्याचे पाय हातात घेऊन बसू लागली. त्याची नखं कापायला जे नेलकटर घ्यायची, ते माझं होतं.

त्या जनावराचं नाव मी इथे लिहिणार नाही. घरात त्याला पुरेसा मान मिळतो, आणखी कशाला?

आला कसा ते सांगतो. आमची एकुलती एक मुलगी नागपूरला नोकरीला होती. तिथे तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून हा पाळला. पुढे मैत्रिणीचं लग्न झालं, मुलीची बदली हैदराबादला झाली आणि तिथल्या घरमालकाने जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं. मग ती एका शनिवारी पिंजरा घेऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आमच्या दारात उभी राहिली. "बाबा, फक्त दोन महिने," असं म्हणाली. ते दोन महिने अजून चालू आहेत.

पहिल्या दिवशी बायकोने नाकाला पदर लावला होता. "कायले आणला हा उंदीर घरात? कोंबडी तरी आणाची, अंडी तं देली असती," ती म्हणाली. मला तिचं बोलणं पटलं. तांबूस-पांढऱ्या रंगाचं, शेपूट नसलेलं, पावाच्या लादीएवढं ते जनावर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून आमच्याकडे पाहत होतं. मुलीला वाईट वाटू नये म्हणून मीच पुढाकार घेतला. पिंजऱ्याचा तळ उघड्या तारेचा होता, त्यावर टाकायला काहीतरी हवं होतं. गोंदियात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी दुसरं काय सुचणार? राईस मिलमधून मी धानाच्या तुसाचं पोतं आणलं. आमच्याकडे तूस वीटभट्टीत जातं, कोंबड्यांखाली जातं, बर्फाच्या लाद्यांवर जातं, पाव्हण्यांच्या गाडीचं चाक चिखलात रुतलं तर चाकाखालीही जातं. गिनीपिगाखाली गेलं तर बिघडणार काय होतं? मी चांगला हातभर थर दिला. त्याला गादी केली म्हणून मुलीने माझं कौतुक केलं. या गिनीपिगाच्या प्रकरणात माझं झालेलं ते पहिलं आणि शेवटचं कौतुक.

मुलगी हैदराबादला गेली. पावसाळा गेला, हिवाळा आला. त्या काळात जनावर तुसावर बसून कोथिंबीर खायचं आणि लठ्ठ व्हायचं. त्याची नखं कापायची असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं; मुलीने सांगितलं असेल तर आम्ही ऐकलं नव्हतं. गाईम्हशींची कुठे कोण नखं कापतो? मग एके दिवशी पिंजरा झाडताना बायकोला दिसलं, की त्याची नखं वाढून कोयरीसारखी आत वळली आहेत आणि तो पाऊल उचलून उचलून चालतो आहे. तिने त्याला उलटा धरला. मागच्या दोन्ही पायांचे तळवे लाल, सुजलेले, चकचकीत झाले होते आणि एका टाचेवर खपली होती.

ती त्याला ओढणीत गुंडाळून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मला दुकान बंद करून स्कूटर चालवायला लावली. डॉक्टर गाईबैलांचे. भले माणूस, त्यांनी खोटा आव आणला नाही. "ताई, असे केस माझ्याकडे येत नाहीत, तुम्ही नागपूरला विचारा," असं सरळ सांगून टाकलं. मुलीने नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंशी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. त्या लहान जनावरांवर उपचार करतात. बाईंनी त्याचे पाय पाहिले, पिंजरा पाहिला आणि विचारलं, "ये नीचे क्या बिछाया है?"

मी मोठ्या अभिमानाने मूठभर तूस कॅमेऱ्यासमोर धरलं.

त्यापुढचं बोलणं मला फारसं आवडलं नाही. तुसाची टोकं सुईसारखी असतात, ती तळव्यात घुसतात, खालून तार, वरून लठ्ठ देह, त्यात वाढलेल्या नखांमुळे सगळा भार टाचेवर आलेला. असंच चालू राहिलं तर जखम हाडापर्यंत जाते, असं त्या म्हणाल्या. तूस आजच काढा, मऊ सुती कापडाच्या घड्या घाला, त्या रोज बदला. कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेका, कोरडे पुसा, मलम लावा. ताजी हिरवी भाजी द्या, शिमला मिरची द्या, माणसासारखंच याला सी जीवनसत्त्व बाहेरून लागतं. नखं एकदम कापू नका, थोडी थोडी मागे आणा. आणि शेवटी त्यांनी सांगितलं, की दर आठवड्याला याचे पाय तुम्ही स्वतः पाहायचेच. हे जनावर दुखणं दाखवत नाही. रानात जो लंगडला त्याला दुसरा खातो, म्हणून हे शेवटपर्यंत लपवतं.

बायको हे सगळं शाळकरी मुलीसारखं मान हलवत ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "तुमच्या तुसानं पाय गेले असते त्याचे."

त्या दिवसापासून तूस माझं झालं आणि गिनीपिग तिचा.

माझ्या वापरून मऊ झालेल्या बनियनी होत्या. नवी बनियन पहिले काही महिने अंगाला टोचते, मग कुठे ती माणसाची होते. अशा मुरलेल्या बनियनी तिने फाडून त्याच्या गाद्या केल्या. माझ्या जुन्या लुंग्या गेल्या, माझी उशीची खोळ गेली. बाजारातून मी भाजी आणली की शिमला मिरचीतली लालबुंद एक आधी त्याच्यासाठी बाजूला निघायची. मी दुकानातून थकून आलो आणि दाराची कडी वाजली की आतून आवाज यायचा, "हळू या, तो झोपून आहे." तीस वर्षांत मी झोपलो असताना या घरात कुणी हळू आलेलं मला आठवत नाही. उलट मी झोपलो की हिला नेमके डबे घासायचे असतात.

मला हेवा वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू? माणसाने माणसाचा हेवा करावा, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा करावा, साडूच्या पोराच्या नोकरीचा करावा. त्याची जगात पद्धत आहे. पण उकिडव्या बसलेल्या, दिवसभर तोंड हलवणाऱ्या त्या गोळ्याकडे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सांगणार कुणाला? दुकानात येणाऱ्या लोकांना बियाणं देता देता सांगू, की माझी बायको गिनीपिगाचे पाय कोमट पाण्यात शेकते आणि माझ्या पोटात दुखतं?

आणि ती ते काम करायची फार छान. पोळपाटाएवढ्या परातीत पाणी घ्यायची, कोपर बुडवून पाहायची, जसं मुलगी तान्ही असताना पाहायची तसं. मग त्याला पोटाशी धरून मागचे पाय पाण्यात सोडायची आणि त्याच्याशी बोलायची. काय बोलायची ते मी कान देऊन ऐकलं आहे. "माझा सोन्या, माझा गुणाचा, आता सुटन हं सूज." तो आधी धडपडायचा, मग त्याची सवय झाली. पुढे पुढे तर ती परात काढली तरी तो आतून शिट्टी मारायचा. पाय पुसताना ती एक एक बोट वेगळं करायची, पुढे चार, मागे तीन. त्याला किती बोटं आहेत हे तिला पाठ होतं.

नखांचं तिला आधी भय वाटायचं. त्याच्या पांढऱ्या नखांतून लाल शीर दिसते, तिथे अडचण नाही; पण डाव्या पायाची नखं काळी. त्यातलं काही दिसत नाही. पहिल्याच वेळी तिने एक काळं नख जास्त कापलं, तो किंचाळला आणि टॉवेलवर रक्त आलं. तिने हळद दाबून धरली. रक्त लगेच थांबलं, तो थोड्या वेळाने काकडी खायला लागला, पण ही संध्याकाळी जेवली नाही. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा हिने दवाखान्याच्या बाकावर बसून पोहे खाल्ले होते, मी स्वतः पाहिलं होतं. मी ते तिला बोलून दाखवलं. "तुमी बेशुद्ध होते, तुमाले कसं दिसलं?" तिने विचारलं. पण चटणीचा डाग पदरावर होता, तो शुद्धीवर आल्यावर मला दिसला होताच.

नंतर ती शिकली. मोबाईलचा टॉर्च नखाखाली धरायचा, उजेडात शिरेची सावली दिसते, तिच्या अलीकडे केसभर कापायचं. एका वेळी टोकच घ्यायचं, पुन्हा पंधरा दिवसांनी टोक घ्यायचं; म्हणजे शीरही मागे सरकते. मंगळवारी आणि शनिवारी नखं कापायची नाहीत हे तिने जनावरालाही लावलं आणि दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही. म्हणून रविवारची दुपार ठरली. त्या दुपारी दाराशी खुर्चीत ती बसायची, बाहेरचा उजेड मांडीवर यायचा, आणि बाजूच्या दिवाणावर पेपर धरून मी बसायचो. पेपर मी वाचत नसे. उन्हाळा येईपर्यंत त्याचे तळवे गुलाबी झाले, खपली पडली आणि तो पिंजऱ्याबाहेर सोडला की दिवाणाखालून टणाटण उड्या मारत पळू लागला. नागपूरच्या डॉक्टरीणबाई तिला फोनवर म्हणाल्या, की इतकी निगा आमच्याकडे शिकलेले लोकही घेत नाहीत. ते तिने मला, मुलीला, दूधवाल्याला आणि भाजीवाल्या बाईला सांगितलं.

मग धान लावायचा रोवणा आला. बिरसीकडे आमची वडिलोपार्जित धानाची शेती आहे. वर्षभर दुकान सांभाळतो, पण रोवण्याच्या दिवसांत मी पाणी भरलेल्या बांधीत उतरतोच. धानाच्या रोपांचे पऱ्हे उपटायचे, पेंढ्या टाकायच्या, बायांच्या मागेपुढे राहायचं. गुडघाभर चिखल, डोक्यावर बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानांची घरघर आणि पाय दिवसभर पाण्यात. या दिवसांत आमच्या भागात धडके पाय शोधून सापडणार नाहीत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडते, फाटते, त्यात कुणी मेंदी भरतं, कुणी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून लावतं. चिखल्यांचं कुणी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर समोरचा स्वतःचा पाय दाखवतो.

माझ्या डाव्या पायाच्या करंगळीखाली जखम झाली तेव्हा मीही तेच समजलो. मला चार-पाच वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या आठवल्या की घेतो. पण शुगर रक्तात असते आणि चिखल्या पायात, दोन्हींचा संबंध मी कधी जोडला नव्हता. सालेकशाच्या नातेवाइकांकडून आलेलं मोहाचं तेल घरात होतंच. ते लावलं. शिवाय जखम दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे हलकीच आहे, असा मी हिशेब केला. आमच्याकडचा कुणीही माणूस तोच हिशेब करेल.

पण मी बायकोला सांगितलं नाही, त्याचं कारण वेगळं होतं. तिने आपणहून पाहावं असं मला वाटत होतं.

एका वीतभर जनावराची टाच लाल झाली की हिचे डोळे ते लगेच टिपतात. मग नवऱ्याचा अख्खा पाय काय दिसायचा नाही? मी दिवसभर वाट पाहायचो. आंघोळीनंतर पाय मुद्दाम हळूहळू पुसायचो. जेवायला बसताना डावा पाय बाहेर काढून बसायचो. ती वाढायची, आणखी भात घ्या म्हणायची आणि आत जायची. रोवण्याच्या दिवसांत कुठल्या घरच्या बाईला नवऱ्याच्या पायाची जखम वेगळी वाटणार? तिनेही चिखल्याच धरल्या असतील. हे मला आज कळतं. तेव्हा मी नुसता धुमसत होतो. 'घर की मुर्गी दाल बराबर' असं आमच्या बाजारात म्हणतात. माझी तर दाळसुद्धा होत नव्हती.

पुढच्या रविवारी मी सरळ ठाणच मांडलं. ती दाराशी खुर्चीत बसली, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ते ध्यान उताणं. मी दुसरी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि डावा पाय उचलून तिच्या खुर्चीच्या कडेवर ठेवला. तिच्या हातापासून वितीच्या अंतरावर. जखमेभोवतीची कातडी काळसर झाली होती, ती मला बसल्या जागी दिसत होती. बायको मान खाली घालून त्याची टाच निरखत होती. मी खाकरलो. तिने वर न पाहता हातानेच माझा पाय बाजूला सारला.

"पाय खाली घ्या न," ती म्हणाली. "उजेड अडून राहिला त्याचा."

मी पाय खाली घेतला आणि दुकानात निघून गेलो. रविवारी आमचं दुकान बंद असतं. शटर अर्धं वर करून मी खताच्या पोत्यांमध्ये बसून राहिलो आणि मनाशी पक्कं ठरवलं, की आता काही झालं तरी हिला सांगायचं नाही. जखम धुवायची, चिंधी बांधायची, वरून मोजा घालायचा. दिसेल त्या दिवशी दिसेल. राग त्या जनावरावर होता, तिच्यावर होता, आणि आपण कुणावर रागावलो आहोत हे कुणाला सांगता येत नाही याचाही होता. सगळा मिळून तो मोज्यात घालून मी पुढचे दिवस फिरलो. पाय सुजला, मोजा घट्ट झाला. अंगात बारीक ताप असायचा. तरी दुखत नव्हतं.

शेवटी तिला पाय दिसला नाही, वास आला.

सकाळी मी चहा पीत होतो. ती चुलीपाशी थबकली, नाक वर केलं, इकडेतिकडे वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "अगोबाई, सोन्याचा पाय सडला काय?" म्हणत ती पिंजऱ्याकडे धावली. मी कप हातात धरून पाहत होतो. तिने त्याला बाहेर काढलं, उलटा केला, चारही पाय एकेक करून नाकाशी नेले. गुलाबी, कोरडे, स्वच्छ पाय. मग तिने गाद्या काढल्या, त्यांचा वास घेतला, पिंजऱ्याचा पत्रा काढून अंगणात नेला, धुतला. परत आली तरी वास होताच. त्याला छातीशी धरून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि मग तिची नजर खाली खाली येत माझ्या मोज्यावर थांबली.

मोजा तिनेच काढला. तो जखमेला चिकटला होता, पाणी टाकून सोडवावा लागला. मग चिंधी सोडवली. मला वाटलं होतं, या क्षणी मला बरं वाटेल. आता कळलं ना, असं मनात म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण ती तीच चिंधी हातात घेऊन खाली बसली आणि मला तिच्याकडे पाहवेना.

"काऊन सांगतलं नाही?" तिने विचारलं.

"तुला दिसायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "त्याचं तर सगळं दिसते तुला."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कप खाली ठेवला.

"त्याले बोलता येत नाही, म्हणून पाहावं लागते," ती म्हणाली. "तुमाले तं देवानं तोंड देलं होतं न?"

शहरातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. "कितने दिन से है ये?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, रोवण्यापासून, चिखल्या आहेत. "ये चिखल्या नहीं है, अंकल," ते म्हणाले. त्यांनी एक बारीक तार घेतली, मला डोळे मिटायला लावले आणि पायाला टोचून विचारत गेले, लागतं का, आता लागतं का. मला वाटलं त्यांनी अजून सुरुवातच केली नाही. शुगरमुळे तळव्याची संवेदना गेली होती. कधी गेली कोण जाणे. दुखत नव्हतं याचं कारण तेवढंच होतं. करंगळी वाचणार नाही असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. सडणं पुढे पायात जाऊ नये म्हणून ती लवकर काढावी लागेल.

करंगळी काढली. मुलगी हैदराबादहून आली आणि घरी गिनीपिगापाशी राहिली. बायको पलंगाजवळच्या स्टुलावर बसून होती, मला चमच्याने मऊ भात भरवत होती, माझ्या अंगावरची चादर नीट करत होती. एवढं लक्ष माझ्याकडे लग्नातसुद्धा नव्हतं. लग्नात तर ती खाली मान घालून होती. मी डोळे मिटून ते सुख घेत पडलो होतो. तेवढ्यात तिने मुलीला फोन लावला आणि हळूच विचारलं, "त्यानं कोथिंबीर खाल्ली काय? पाय पाहिले काय त्याचे?" मी डोळे उघडले आणि भात नको म्हणालो.

घरी आल्यावर डॉक्टरांच्या सूचना तिने माझ्यापेक्षा नीट लक्षात ठेवल्या. अनवाणी फिरायचं नाही, घरातही चप्पल. बांधीत उतरायचं नाही. गोळ्या वेळेवर. पायाची नखं स्वतः कापायची नाहीत, दुसऱ्याने कापून द्यायची. आणि दर आठवड्याला घरच्या माणसाने दोन्ही पाय नीट पाहायचे, बोटांच्या मध्ये, टाचेला, तळव्याला. डॉक्टर बोलत असताना बायको माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्या जनावराला जे फुकट मिळत होतं, ते मिळायला मला एक बोट द्यावं लागलं होतं.

पहिला रविवार आला. दाराशी खुर्ची मांडली, टॉवेल आला, नेलकटर आलं, परात आली. आधी त्याचा नंबर. मी म्हणालो, मी या घरात मोठा आहे. तर म्हणाली, "त्याले दम नाही निघत, तुमाले निघते." तो तिच्या मांडीवर पसरला, तिने टाचेवरून अंगठा फिरवला आणि तो घशातल्या घशात गुरगुरायला लागला, डोळे अर्धे मिटून. मी दिवाणावर बसून माझी पाळी यायची वाट पाहत होतो. आपल्याला आता हे मिळणार म्हणून मला बरं वाटत होतं, हे मी मान्य करतो.

त्याला पिंजऱ्यात ठेवून तिने हात धुतले, टॉवेल बदलला आणि माझ्यासमोर बसून डावा पाय मांडीवर घेतला. नखं कापली. वाकून प्रत्येक नखाखाली उजेड पाडला, केसभर केसभर कापलं, कानस फिरवली. बोटं वेगळी करून पाहिली. जिथे करंगळी नव्हती तिथल्या व्रणाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी तिच्या भांगाकडे पाहत होतो, तिथे पांढरं बरंच झालं आहे.

"आता डोळे मिटा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगतलं तसं. मी बोटानं दाबतो, कुठं लागते सांगा."

मी डोळे मिटले. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. पिंजऱ्यात तो कोथिंबिरीची काडी कुरतडत होता. मी पायाकडे सगळं लक्ष लावून बसलो होतो, पहिला दाब कुठे येतो ते पाहत. बराच वेळ झाला. मला वाटलं ही पुन्हा त्याच्याचकडे बघत बसली.

"मग दाब नं आता," मी म्हणालो.

मग तिचा आवाज आला, अगदी हळू, मी झोपलेलो असताना तिने कधी काढला नव्हता इतका हळू.

"दाबूनच तं राहिली मघापासून."